वृद्धांचे पडणे आणि गावाची आरोग्यसेवा : एक अभ्यास

वार्धक्यातील पडणे हा विषय आपल्याकडे आरोग्याच्या चर्चेत अभावानेच येतो. क्षयरोग, हिवताप, मधुमेह, रक्तदाब यांविषयी गावोगावी फलक लागतात, प्रभातफेऱ्या निघतात. आजी मोरीत घसरून पडली, आजोबा रात्री उंबरठ्याला अडखळले, असे कानी आले की मात्र आपण दोन शब्द हळहळतो आणि ‘वयच झालं आता’ असे म्हणून मोकळे होतो. वयाने केस पिकतात तसे वयाने माणूस पडायचाच, अशी आपली दृढ समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, जगात तिच्याविषयी काय अभ्यास झाला आहे, आणि आपल्या गावातील आरोग्यसेवेच्या साहाय्याने हे पडणे किती प्रमाणात टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या हजेरीपटातच आहे.

हजेरीपटातील एक नोंद

इतिहासाच्या अभ्यासकाला दस्तऐवज महत्त्वाचा. निवासी शाळेतील आमचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज म्हणजे हजेरीपट आणि त्यासोबतचे रजेचे अर्ज. हे अर्ज चाळताना ‘आजी पडली, घरी कोणी नाही’ हे कारण आम्हांस पुन्हा पुन्हा आढळले आहे. आपल्या अनेक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीस जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काहींचे वीटभट्टीवर असतात, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. मागे घर राखणारी, धाकट्या भावंडांना जेवू घालणारी, शेळी बांधणारी, रेशन आणणारी एकटी आजी असते. ती पडली आणि खुबा मोडला, की आई कारखान्यावरून येऊ शकत नाही, कारण उचल घेतलेली असते. मग वसतिगृहातून बोलावणे येते ते मुलीला. आठवी-नववीतली मुलगी पंधरा दिवसांच्या रजेवर जाते, पंधराचे दोन महिने होतात, आणि काही वेळा ती परत येतच नाही. मुलाला असे बोलावणे क्वचित येते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणजे आजीचे हाड मोडते तेव्हा तेवढेच मोडत नाही. एका कुटुंबाची रोजंदारी, एका मुलीचे शिक्षण आणि पुष्कळदा दोन वर्षांची बचत त्यासोबत मोडते. हा विषय शाळेचा आहे तो या अर्थाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रम लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ९.९ टक्के होते. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातील सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. आयुष्य वाढले ही मोठीच कमाई. वाढलेल्या आयुष्याची व्यवस्था लावणे हे पुढचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

निमित्त आणि कारणे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिले महायुद्ध शिकवितो, तेव्हा एक भेद आवर्जून सांगतो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे झालेला खून हे युद्धाचे तात्कालिक निमित्त. युद्धाची मूळ कारणे त्याआधी कित्येक वर्षे साठत आली होती. हाच भेद येथे लावून पाहावा. फरशी ओली होती, हे पडण्याचे निमित्त. त्याच ओल्या फरशीवरून नात पळत गेली आणि आजी पडली, तेव्हा कारणे आजीच्या शरीरात, घरात आणि वस्तीत शोधावी लागतात.

शरीराकडे प्रथम पाहू. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू वयाबरोबर क्षीण होतात. ज्याचे चालणे-फिरणे कमी झाले त्याचे ते अधिक वेगाने क्षीण होतात. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना मंदावते आणि पाय कशावर पडला ते कळत नाही. काहींचा रक्तदाब आडवे असताना ठीक असतो, पण एकदम उभे राहिले की उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. झोपेच्या गोळ्या, मन शांत करणारी औषधे, रक्तदाबाची औषधे, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांमुळेही तोल जाऊ शकतो. एकाच वेळी चार-पाच औषधे चालू असतील तर धोका वाढतो. त्यात स्त्रियांची हाडे पाळी गेल्यानंतर झपाट्याने ठिसूळ होतात. तरुणपणी ज्या पडण्याने नुसते खरचटले असते, त्याच पडण्याने साठीनंतर मनगट, मणका किंवा खुबा मोडतो.

घराची कारणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. मोरीत शेवाळ धरते, साबणाचे पाणी साचते. उंबरठा उंच, पायऱ्या विषम, आणि कठडा कोठेच नसतो. शौचालय बांधले गेले खरे, पण ते अंगणाच्या पलीकडे, दोन उंच पायऱ्यांवर, आत धरायला काही नाही आणि दिवाही नाही. उकिडवे बसलेले वृद्ध उठताना भिंतीचा आधार शोधतात आणि हात निसटतो. नव्या घरांतील गुळगुळीत फरशी सारवलेल्या जमिनीपेक्षा अधिक दगा देते. झिजलेल्या सपाता, पायांत येणारा लुगड्याचा काठ, धोतराचा सोगा, दारात आडवी बसलेली शेळी, अंथरुणाशेजारी ठेवलेला तांब्या, अशी ही यादी प्रत्येकाने आपापल्या घरी पुरी करावी.

वस्तीची कारणे मात्र घरमालकाच्या हातात नसतात. गावकुसाबाहेर राहिलेल्या आपल्या वस्त्यांना रस्ता उशिरा आला, दिवा उशिरा आला, झाकलेले गटार तर पुष्कळ ठिकाणी अद्याप आलेले नाही. पावसाळ्यात नळावर जाणारी वाट म्हणजे चिखल आणि शेवाळ. अशा वाटेवर जी वृद्धा पडते तिच्या पडण्यास केवळ तिचे वय जबाबदार धरणे, हा इतिहासाचा विपर्यास होय.

या तिन्हींच्या भरीस आणखी एक कारण आहे, ते म्हणजे भय. एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडू नये म्हणून हिंडणे-फिरणे कमी करते. घरचेही ‘आई, तू बस, उठू नको’ असे प्रेमानेच सांगतात. बसून बसून पाय आणखी अशक्त होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. म्हणूनच पुष्कळ वृद्ध आपण पडलो हे लपवितात. आपले फिरणे बंद होईल, किंवा लेकीसुनेचा रोज बुडेल, ही भीती त्यांच्या मनात असते. प्रेमाने विचारल्याशिवाय ही माहिती मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

न्यूझीलंडमधील एक धडा

पडणे खरोखर टाळता येते काय? या प्रश्नावर गेल्या तीन-चार दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्यांतील एक उदाहरण आपणांस विशेष उपयोगी आहे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाचा एक व्यायामक्रम तयार केला. घोट्याला लहान वजन बांधून पाय सरळ करणे व वाकविणे, टाचा उचलणे, चवड्यांवर व टाचांवर चालणे, एका पायावर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, अशा साध्या हालचाली त्यात होत्या. आठवड्यातून तीन वेळा सुमारे अर्धा तास व्यायाम आणि त्याखेरीज चालणे, एवढेच त्याचे स्वरूप. आरंभी हा क्रम भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवीत. पुढे प्रश्न निघाला की, असे तज्ज्ञ सर्वत्र कोठून आणावयाचे? तेव्हा पश्चिम ऑकलंड भागात घरोघरी सेवा देणाऱ्या परिचारिकेला प्रशिक्षण देऊन हेच काम सोपविण्यात आले. ७५ वर्षे व त्यापुढील २४० व्यक्तींवर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरी परिचारिका गेली, त्यांच्यातील पडण्याचे प्रमाण वर्षभरात इतरांच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी कमी आढळले. वर्षभरात परिचारिकेने प्रत्यक्ष घरी भेट दिली ती अवघ्या पाच वेळा. मधल्या काळात तिने दूरध्वनीवरून विचारपूस केली.

एका देशातील एका प्रयोगावर विसंबू नये, हे अभ्यासाचे पथ्य आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात २५ देशांतील १०८ प्रयोग आणि २३ हजारांहून अधिक सहभागी एकत्र तपासले गेले. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटते, आणि तोल सांभाळण्याच्या व नित्याच्या हालचालींच्या व्यायामांचा लाभ निश्चित आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. केवळ चालण्याने मात्र तसा ठाम लाभ दिसला नाही. ‘मी रोज शेतावर जाते, मला व्यायाम कशाला,’ असे म्हणणाऱ्या आपल्या मावश्यांना हे समजावून सांगण्याजोगे आहे. चालणे चांगलेच, परंतु तोल हा वेगळा शिकावा आणि राखावा लागतो.

या प्रयोगातून घ्यावयाचा बोध असा की, मोठे रुग्णालय, महागडे यंत्र किंवा परदेशी औषध यांची येथे गरज पडली नाही. घरी जाणारी, ओळखीची, प्रशिक्षित आरोग्यसेविका आणि नियमितपणा एवढ्यावर काम झाले. अशी सेविका आपल्याकडे आहे.

आपली व्यवस्था : भोर समितीपासून आशाताईंपर्यंत

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच रुजली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या ऐपतीनुसार तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व घालण्यात आले. अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले. वृद्धांची काळजी ही कुटुंबाच्या दयेवर सोडण्याची बाब नाही, तिच्यात समाजाचा व राज्याचा वाटा आहे, हे या अनुच्छेदांनी सांगून ठेविले आहे.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका गावात आली. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्यसेविकेची भेट, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष अशी त्याची रचना आहे. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील जांगला या गावी देशातील पहिले आरोग्य व निरामयता केंद्र सुरू झाले. आज ही केंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात, आणि त्यांच्या सेवांत वृद्धांच्या काळजीचा समावेश आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशाताई एक तपासणी-पत्रक भरतात. त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी काही प्रश्न आहेत. उभे राहताना वा चालताना अस्थिर वाटते काय? हालचालीवर मर्यादा येईल असे काही अपंगत्व आहे काय? जेवणे, कपडे घालणे, आंघोळ, चालणे, शौचालयास जाणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय? प्रश्न अचूक आहेत. अडचण पुढची आहे. आशाताईंच्या डोक्यावर माता-बालसंगोपन, लसीकरण, सर्वेक्षणे यांचा भार मोठा, मोबदला तुटपुंजा. घाईत पत्रक भरले जाते, ‘अस्थिर वाटते’ यावर खूण होते, आणि ती खूण पुढे कोणी पाहत नाही. ती खूण आठवडी तपासणीपर्यंत पोहोचली पाहिजे आणि तेथून डोळ्यांची तपासणी, औषधांचा फेरविचार, झोपलेल्या व उभ्या अशा दोन्ही स्थितींतील रक्तदाबाची मोजणी आणि व्यायामाचे शिक्षण, या गोष्टी सुरू झाल्या पाहिजेत. हा दुवा जोडणे हेच गावाच्या आरोग्यसेवेपुढील खरे काम. आशाताईंवर ओरडून तो जुळणार नाही. त्यांच्यासोबत दोन माणसे उभी राहिली तर जुळेल.

साधनांसाठीही काही तरतुदी आहेत. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून, २०१७ पासून, पात्र वृद्धांना काठी, कुबड्या, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या बँक खात्यात अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. माहितीअभावी हे हक्क कागदावर राहतात, आणि माहिती पोहोचविणे हे तर शिकलेल्यांचे पहिले कर्तव्य.

पडल्यावर काय करावे

कोणी पडलेले दिसले की चार माणसे धावतात आणि बगलेत हात घालून उचलतात. असे करू नये. प्रथम शांतपणे विचारावे, दुखते कोठे ते पाहावे. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूस वळले असेल, पाय उचलता येत नसेल, तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी असते. मान वा पाठ दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, तर हलवू नये. पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर वरवर काही दिसत नसले तरी तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

खुबा मोडलेल्या व्यक्तीस तेल लावून, पट्ट्या बांधून आठवडेच्या आठवडे घरी निजवून ठेवणे अत्यंत घातक आहे. हाडवैद्याकडे जाण्यामागे खर्चाची धास्ती असते, हे आम्ही जाणतो. परंतु अंथरुणाला खिळल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि पुष्कळांचा अंत त्यानेच होतो. बहुतेक रुग्णांना लवकर शस्त्रक्रिया करून लवकर उभे करणे, हाच मार्ग हितावह असतो. वर सांगितलेले कार्ड आधीच काढून ठेवलेले असावे, ते याचसाठी.

सुटीचा स्वाध्याय

पाठाच्या अखेरीस स्वाध्याय द्यावा, ही आमची सवय. हा स्वाध्याय विद्यार्थ्यांना आहे तसाच माजी विद्यार्थ्यांनाही आहे. दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर तो करावा.

१. घरातील व शेजारच्या वृद्धांना तीन गोष्टी विचाराव्यात : गेल्या वर्षभरात पडलात काय? उभे राहताना वा चालताना अस्थिर वाटते काय? पडण्याची भीती वाटते काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर आशाताईंना कळवावे.

२. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. वृद्ध व्यक्तीने हात छातीशी दुमडून अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा पूर्ण उभे राहता येईल तितक्या वेळा उठावे-बसावे. जवळ एकाने उभे राहावे. ७० ते ७४ वयाची स्त्री १० वेळांपेक्षा कमी, किंवा त्याच वयाचा पुरुष १२ वेळांपेक्षा कमी उठू शकला, तर पायांतील बळ कमी झाले आहे असे समजावे व आरोग्य केंद्रात दाखवावे.

३. अंथरुणापासून शौचालयापर्यंतची वाट रात्री दिवा न लावता स्वतः चालून पाहावी. जेथे आपला पाय अडखळला तेथे दिवा, आधार किंवा सपाट जमीन हवी. मोरीत व शौचालयात भिंतीला पक्की पकड बसवावी. शेवाळ खरवडून काढावे.

४. चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवावीत. आपल्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये.

५. समाजमंदिराच्या किंवा विहाराच्या आवारात आठवड्यातून तीन दिवस वृद्धांचा व्यायामवर्ग सुरू करता येईल काय, हे आरोग्यसेविकेला विचारावे. आरंभी भिंतीला किंवा खुर्चीला धरूनच व्यायाम करावा. एकत्र येण्याने भय ओसरते, हा त्याचा आणखी एक लाभ.

६. वस्तीतील दिवे, गटारावरील झाकणे, नळाची वाट यांची यादी करून ग्रामसभेत ठराव मांडावा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च व्हावयास हवी. ती कोठे खर्च झाली हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांत आज परिचारिका आहेत, आशाताई आहेत, गवंडी, वीजतंत्री, अभियंते, ग्रामसेवक आहेत. वरील सहा कामांपैकी एकही असे नाही की, जे करणारा हात आपल्यांत नाही. ज्या पिढीने अर्धपोटी राहून मुलांना वसतिगृहात धाडले, ती पिढी आता सत्तरीत आहे. तिच्या मोरीत एक पकड आणि वाटेवर एक दिवा बसवून घ्यावा, आणि तिची नात परीक्षेच्या दिवशी वर्गात हजर राहील याची तजवीज करावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.